एका फेरीचं सामान: दिवाळी पहाट ते एकतीस डिसेंबर

एक जण गाणारा, दुसरा गिटार वाजवत टॅबवरचे ट्रॅक (आधीच रेकॉर्ड केलेली साथ) सांभाळणारा. अशा दोघांच्या कार्यक्रमाला सीझनमध्ये गाणी कधी कमी पडत नाहीत. कमी पडतात ते हात. पाच-सहा जणांच्या बँडबरोबर हेल्पर असतात, टेम्पो असतो. इथे चार हात आणि एक हॅचबॅक. म्हणून दिवाळीपासून एक जानेवारीपर्यंतची प्रत्येक सुपारी आम्ही आधी एकाच अटीवर तपासतो: डिकीपासून स्टेजपर्यंत सगळं सामान एका फेरीत पोचतंय का? दुसरी फेरी लागली की एक जण स्टेजजवळ राखण करत उभा, दुसरा बेसमेंट पार्किंगमध्ये सर्व्हिस लिफ्टची वाट बघत, आणि साउंडचेकची वीस मिनिटं लिफ्टच्या दारात संपलेली. मुंबईत एका रात्री दोन कार्यक्रम जमतील की नाही, हे किलोमीटरवर कमी आणि या फेरीवर जास्त ठरतं.

आधी कॅलेंडर बघू. दिवाळीच्या आधीचा आठवडा ऑफिसच्या पार्ट्यांचा, बहुतेक दुपारी चार ते आठ. नरक चतुर्दशीपासून भाऊबिजेपर्यंत पहाटेचे कार्यक्रम. मग थोडी उसंत. तुळशीचं लग्न लागलं की हळदी आणि संगीत एकावर एक. डिसेंबरच्या मध्याला धनुर्मास सुरू होतो, मुहूर्त जवळजवळ थांबतात, आणि नेमक्या त्याच मोकळ्या जागेत कंपन्यांच्या वर्षअखेरीच्या पार्ट्या, नाताळ आणि एकतीस तारीख येऊन बसते. संक्रांत झाली की पुन्हा लग्नं. लग्नवाले तारीख कित्येक महिने आधी पक्की करतात, कंपन्यांना पंधरा दिवस आधी जाग येते. त्यामुळे डिसेंबरचा पहिला पंधरवडा उन्हाळ्यातच देऊन टाकायला हरकत नाही. दुसरा मात्र घाईने कमी पैशात बांधून टाकू नये. “तारीख धरून ठेवा हं, कळवतो” असं सांगणारे पुष्कळ भेटतात. आगाऊ रक्कम आली नाही तर ४८ तासांनी तारीख मोकळी, हे पहिल्याच फोनवर गोड आवाजात सांगून टाकावं.

आता सामान. एकदा खरोखर वजनकाट्यावर ठेवून बघा. दहा इंची दोन अ‍ॅक्टिव्ह स्पीकर (अँप्लिफायर आतच असलेले), प्रत्येकी साधारण १२ ते १३ किलो. स्पीकरचे दोन स्टँड मिळून ६. आठ चॅनलचा छोटा मिक्सर ३. केबलची बॅग ८. हार्ड केससकट गिटार ६ ते ७. माइकचे दोन स्टँड ५. टॅब, माइक, डीआय बॉक्स (गिटार किंवा टॅब मिक्सरला जोडणारी डबी), चार्जर वगैरेंची सॅक ५. बेरीज ५७ ते ६० किलो. घडीच्या ट्रॉलीवर स्पीकर, स्टँड आणि केबल, एकाच्या पाठीवर सॅक आणि हातात मिक्सर, दुसऱ्याच्या हातात गिटार, की झाली एक फेरी. बारा इंची स्पीकर घेतले तर वजन सात-आठ किलोंनी वाढतं, डिकीत गिटारची केस आडवी बसत नाही, आणि ऐंशी-शंभर माणसांसाठी त्यांची गरजही नसते. त्याहून जास्त माणसं असतील तर यजमानांनी साउंडवाला बोलवावा, त्याचं बिल त्यांचं. ट्रॉली घेताना चाकं बघा. तीन इंची प्लॅस्टिकची चाकं सोसायटीच्या पेव्हर ब्लॉकवर एका सीझनमध्ये झिजतात. पाच-सहा इंची रबरी चाकं हवीत.

केबलबद्दल थोडं जास्त, कारण कार्यक्रम बंद पडतो तो बहुतेक वेळा केबलमुळे, मिक्सरमुळे नाही. एक्सएलआरला आपल्याकडे कॅनन म्हणतात, क्वार्टर इंच जॅकला पी-३८. स्पीकरसाठी १० मीटरच्या दोन कॅनन, माइकसाठी ६ मीटरच्या दोन, गिटारसाठी एक पी-३८, आणि या प्रत्येक प्रकाराची एक जादा. तुटते ती जवळजवळ नेहमी पिनेच्या मानेशी, जिथे वायर वाकते तिथे. सीझनच्या आधी प्रत्येक केबल जोडून मान हलवून बघायची. करकर झाली की ती बाजूला, आणि लॅमिंग्टन रोडवरून चांगल्या पिना आणून पुन्हा सोल्डर. केबल कोपर आणि पंजाभोवती कधीही गुंडाळू नका. प्रत्येक वेढ्याला आतल्या तारांना पीळ बसत जातो आणि महिन्याभरात केबल सापासारखी वळवळायला लागते. एक वेढा सरळ, पुढचा मनगट उलटं फिरवून, असं आलटून पालटून गुंडाळलं की पुढच्या ठिकाणी टोक धरून फेकली तरी ती गाठ न पडता उलगडते. जमिनीवर चिकटवायला कापडी गॅफर टेपच वापरा. ब्राउन टेपचा गोंद गालिच्यावर राहतो, आणि बँक्वेटचा मॅनेजर तेवढं एकच लक्षात ठेवतो.

पॉइंट आणि अर्थिंग

स्टेजपाशी पोचल्यावर गिटार बाहेर काढायच्या आधी विजेचा पॉइंट बघायचा. “दादा, हा पॉइंट कुठल्या लाइनवर आहे?” हा प्रश्न तिथल्या इलेक्ट्रिशियनला विचारायचा, डेकोरेटरच्या माणसाला नाही. डेकोरेटरच्या माणसाचं उत्तर ठरलेलं असतं, “बिनधास्त लावा.” दोघांच्या सेटअपला पाचशे-सातशे वॉटच्या वर काही लागत नाही. पंधरा अँपची मोठी पिन लागते त्या एका पॉइंटवर साडेतीन हजार वॉटपर्यंत भार चालतो, म्हणजे पुरून उरतो. घोटाळा होतो तो केटररमुळे. त्याची कॉफी मशीन किंवा दोन हजार वॉटची इंडक्शन शेगडी त्याच लाइनवर आली, की ऐन मुखड्याला एमसीबी पडतो आणि सगळे गायकाकडे बघतात.

मग मल्टिमीटर. तीनशे-चारशे रुपयांचा साधा मीटर चालतो. एसी व्होल्टवर ठेवून तीन मापं घ्यायची. फेज आणि न्यूट्रलमध्ये २२० ते २४०. फेज आणि अर्थमध्ये जवळजवळ तेवढंच. न्यूट्रल आणि अर्थमध्ये दोन-तीन व्होल्टपेक्षा जास्त नको. हे तिसरं माप तीस-चाळीस दाखवत असेल, किंवा दुसरं माप अर्धवट येत असेल, तर अर्थ सैल आहे किंवा मुळात नाहीच. कर्जत, मुरबाड, अलिबागकडच्या फार्महाउसवर जनरेटर असला की हे हमखास बघायचं. जनरेटर ट्रॉलीवर, ट्रॉली टायरवर, आणि अर्थिंगचा रॉड ट्रॉलीतच पडलेला. अशा वेळी गिटारवाल्याची बोटं तारांवर असतात, ओठ माइकच्या जाळीला लागतात आणि झिणझिण्या येतात. ती धोक्याची सूचना समजायची, “थोडा करंट मारतोय” म्हणून पुढे रेटायचं नाही. जनरेटरवाल्याला रॉड ठोकायला लावा, भोवती पाणी ओता, मीटरवर पुन्हा बघा, मगच तारांना हात. आमच्या मते प्रत्येक जोडीकडे ३० मिलिअँपचा आरसीसीबी बसवलेला स्वतःचा एक्स्टेन्शन बोर्ड असावा. नसलेली अर्थ तो आणून देत नाही, पण अंगातून गळती झाली तर लाइन तोडतो.

घुं-घुं आवाज येतोय म्हणून पिनेचा तिसरा पाय काढून टाकणारे अजूनही भेटतात. तो आवाज बहुतेकदा ग्राउंड लूपचा असतो. मिक्सर एका बोर्डवर, स्पीकर हॉलच्या दुसऱ्या टोकाच्या बोर्डवर. सगळं एकाच बोर्डवरून घेतलं की निम्मा त्रास जातो. उरलेला डीआय बॉक्सवरचं ग्राउंड लिफ्टचं बटण दाबून. टॅब चार्जरला लावल्यावर चिरचिर ऐकू येत असेल तर कार्यक्रमापुरता तो बॅटरीवर चालवा. आणि एअरप्लेन मोडवर टाका, नाहीतर कडव्याच्या मधोमध कुणाच्या तरी आत्याचा फोन स्पीकरवर वाजतो.

जोडणीचा क्रम: स्टँड, स्पीकर, केबल, मिक्सर, माइक, आणि वीज सगळ्यात शेवटी. चालू करताना आधी मिक्सर, मग स्पीकर. बंद करताना आधी स्पीकर. उलटं केलं तर धप्प असा ठोका बसतो, तो ट्वीटरला (स्पीकरमधल्या बारीक आवाजाच्या भागाला) मानवत नाही. स्पीकर डोक्याच्या उंचीला, माइक स्पीकरच्या रेषेच्या मागे. गाण्याच्या चॅनलला ८०-१०० हर्ट्झच्या खालचं कापून टाका. शिट्टी येऊ लागली तर आवाज वाढवण्याऐवजी माइक तोंडाजवळ आणा. पंचवीस मिनिटांत हे सगळं झालं पाहिजे. आणि यजमानांना पाठवायच्या यादीत एक ओळ न विसरता लिहा: बिनहातांची खुर्ची. बँक्वेटच्या हातवाल्या खुर्चीत गिटार मांडीवर बसत नाही, आणि साटीनचं कव्हर असेल तर वाजवणारा घसरतो.

दहाचा काटा

ध्वनिप्रदूषणाचे २००० सालचे नियम सगळ्यांना “दहा वाजता बंद” एवढेच माहीत असतात. थोडं पुढे जाऊ. रात्री १० ते सकाळी ६ उघड्यावर लाउडस्पीकर नाही. बंद सभागृहात, बँक्वेटमध्ये, आवाज आतल्या आत राहत असेल तर चालतो. सणासुदीचे वर्षातले जास्तीत जास्त १५ दिवस राज्य सरकार रात्री १२ पर्यंत सूट देऊ शकतं. ३१ डिसेंबर त्या यादीत सहसा असतो. तरीही “सूट आहे हो” या तोंडी आश्वासनावर गच्चीत स्पीकर मांडू नये, परवानगीचा कागद डोळ्यांनी बघावा. निवासी भागात दिवसाची मर्यादा ५५ डेसिबल आणि रात्रीची ४५. खासगी जागेत लावलेल्या स्पीकरचा आवाज हद्दीवर त्या मर्यादेच्या वर ५ डेसिबलपर्यंत चालतो. रुग्णालय, शाळा-कॉलेज, न्यायालय यांच्या भोवतीचे १०० मीटर, सरकारने तसं जाहीर केलं असेल तर, शांतता क्षेत्र.

आकडे हाताशी असले की स्पीकर कुठे ठेवायचा हे भांडण न करता ठरतं. मोकळ्या जागेत अंतर दुप्पट झालं की आवाज साधारण ६ डेसिबलने उतरतो. स्पीकरपासून एक मीटरवर ९० असेल तर दोन मीटरवर ८४, चारवर ७८, आठवर ७२, सोळावर ६६, बत्तीसवर ६०. म्हणजे सोसायटीच्या मैदानात कुंपण तीस-बत्तीस मीटरवर असेल तर एक मीटरला ९० ही वरची सीमा झाली. समोर बसलेल्या साठ-सत्तर माणसांना ती भरपूर आहे. कुंपण जवळ असेल तर स्पीकर श्रोत्यांच्या जवळ आणून कमी आवाजात वाजवा आणि तोंडं आतल्या बाजूला वळवा. चारी बाजूंनी इमारती असतील तर भिंतींवरून परत येणारा आवाज या हिशोबात धरलेला नाही, म्हणून आणखी तीन-चार डेसिबल खालीच राहा. सेक्रेटरीकाकांना सातव्या मजल्यावरून फोन येतो तो बासमुळे. बोल कुणाला नीट ऐकू जात नाहीत, पण खालच्या पट्टीतली धडधड भिंतीतून जाते. रात्री नऊनंतर ट्रॅकचा बास अर्ध्यावर आणला तर बहुतेक तक्रारी येतच नाहीत.

याच नियमाची दुसरी बाजू दिवाळी पहाटेला भोवते. निमंत्रणावर “पहाटे ५.३०” छापलेलं असतं आणि स्पीकर सहाच्या आधी लावता येत नाही. मग पहिला अर्धा तास दीपप्रज्वलन, अत्तर, ओळखीपाळखी आणि एखादं भूपाळीच्या अंगाचं गाणं नुसत्या तंबोऱ्यावर, बिनमाइकचं. खरं तर पहाटेला तेच जास्त शोभतं. साउंडचेक आदल्या संध्याकाळी उरकावा लागतो. सामान रात्रभर मैदानात राहणार असेल तर दवाचा बंदोबस्त करा. मिक्सरवर आधी सुती पंचा आणि त्यावर प्लॅस्टिक, कारण नुसत्या प्लॅस्टिकखाली पाणी धरतं. एसी गाडीतून काढलेली गिटार आणि माइक दमट हवेत आले की त्यांच्यावर बाष्प जमतं. पंधरा-वीस मिनिटं केस उघडी ठेवून मगच सूर लावा. साथीला तबला असेल तर दवात पुडी उतरते आणि सूर्य वर आल्यावर चढते. हातोडी तबलजीच्या गुडघ्याशीच असू द्या.

आवाज

पहाटे गळा खाली बसलेला असतो. रात्री काळी चारमध्ये (पेटीवरच्या पट्टीचं नाव) सहज जाणारं गाणं सहा वाजता पांढरी पाचमध्ये, म्हणजे अर्धा स्वर खाली घ्यावं. पंधरा मिनिटं खर्ज, मग हळूहळू वर. चिवडा आणि चकली कार्यक्रम संपल्यावर. कोरडा कण घशात अडकला की खोकला पहिल्या रांगेपर्यंत पोचतो.

एका संध्याकाळी दोन कार्यक्रम असतील तर दुसऱ्याला सगळी वरची गाणी अर्ध्या ते एका स्वराने उतरवायची, आणि हे आधीच ठरवून ठेवायचं. गिटारला त्याचं काही वाटत नाही. काळी एकसाठी कॅपो (तारा दाबून धरणारा चिमटा) पहिल्या घरात लावून सी कॉर्डच्या आकारात वाजवत असाल, तर पांढरी सातसाठी कॅपो दुसऱ्या घरात आणि आकार ए चे. अडचण ट्रॅकची. ऐन वेळी टॅबवर पट्टी बदलली तर ढोलकी पाण्याखालून आल्यासारखी वाजते. म्हणून प्रत्येक ट्रॅकच्या दोन प्रती घरूनच करून ठेवा आणि फाइलच्या नावात पट्टी लिहा.

डिसेंबरात मुंबईची हवा जड होते. वारा पडतो, धूर खालीच साचतो, आणि घसा बसण्याचं निम्मं कारण गाण्याबाहेरचं असतं. गाडीतला एसी तोंडावर नको. आवाज बसलाय म्हणून कुजबुजू नका, कुजबुजण्याने ताण वाढतो. गप्प बसावं. वाफ घ्यायची तर पाच-दहा मिनिटं, उकळत्या पातेल्यावर ओणवं न होता. सगळ्यात जास्त नडतं ते रात्री दीडचं जेवण. पनीर बटर मसाला खाऊन दोनला झोपलं की आम्लपित्त घशाशी येतं आणि सकाळी आवाज घोगरा. म्हणून “कलाकारांचं जेवण कार्यक्रमाआधी” ही ओळ खुर्चीच्या ओळीखालीच लिहा. तीन आठवड्यांत घोगरेपणा गेला नाही तर काढे बंद करून कान-नाक-घसा तज्ज्ञाकडे जावं.

कानांचाही हिशोब असतो. ८५ डेसिबलला आठ तास, आणि पुढे दर ३ डेसिबलला वेळ निम्मा. १०० डेसिबलला पंधरा मिनिटं उरतात. तुमच्यानंतर डीजे असेल तर त्याच्या स्पीकरसमोर केबल गुंडाळत बसू नका, किंवा कानात प्लग घाला.

एकतीस तारीख

दोन कार्यक्रम घ्यायचेच असतील तर दोन्ही एकाच पट्ट्यात घ्या: ठाणे-मुलुंड, पवई-घाटकोपर किंवा बोरिवली-मालाड. पूर्वेकडून पश्चिमेकडे जायचं गणित त्या रात्री चुकतं. मरीन ड्राइव्ह, गेटवे आणि वांद्र्याच्या बाजूचे रस्ते संध्याकाळपासून बदललेले असतात, आणि नाकाबंदीत प्यायलेला नसलात तरी रांगेत थांबावं लागतंच. दोन्हीपैकी एका ठिकाणी तिथलाच साउंड असेल असं बघा. मग पहिल्या ठिकाणाहून गिटार, सॅक आणि दोन माइक उचलून दहा मिनिटांत निघता येतं. पहिला साडेसात ते नऊ, दुसरा साडेदहा ते साडेबारा. मधला दीड तास चैनीचा वाटतो, तो पार्किंगमध्ये जातो.

बाराचा ठोका हा त्या रात्रीचा सगळ्यात अवघड भाग, कारण हॉलमध्ये चार घड्याळं असतात: मॅनेजरचं, डीजेचं, टीव्हीवरचं आणि काकांच्या मनगटावरचं. फोनचं घड्याळ नेटवर्कवरून लागलेलं असतं, तेच प्रमाण धरायचं आणि ते साडेदहालाच सगळ्यांना सांगून ठेवायचं. शेवटचं गाणं ११.५५ ला संपेल असं लावा. उरलेल्या पाच मिनिटांसाठी हवा तिथे तोडता येईल असा दोन सुरांचा ठेका ठेवा, त्यावर बोलत राहता येतं. ११.५९.५० ला ठेका बंद. उलटी मोजणी बिनसंगीताची जास्त जोरात होते. बाराला वाजणारा ट्रॅक टॅबवर आधीच उघडून, पॉज करून ठेवा. त्या क्षणी यादीत शोधत बसलात तर लोक एकमेकांना शुभेच्छा देऊन मोकळे झालेले असतात. कॉर्डलेस माइकमध्ये सेल नवे घाला, जुने “अजून चालतील” असले तरी. आणि एक वायरचा माइक चालू स्थितीत स्टँडवर, कारण मोठ्या हॉटेलात तीन हॉलमध्ये तीन बँड असतात आणि कुणाची ना कुणाची फ्रिक्वेन्सी तुमच्यावर येऊन आदळते.

गाडी नसेल तर मध्य आणि पश्चिम रेल्वे त्या रात्री जादा लोकल सोडतात. गिटार आणि सॅक एवढंच असेल तर गाडीपेक्षा त्या बऱ्या.

मुंबईबाहेर

अलिबागला भाऊच्या धक्क्यावरून मांडव्याची रो-रो सोयीची. गाडी सामानासकट बोटीत जाते आणि तासाभरात पलीकडे. गेटवेवरून सुटणाऱ्या साध्या लाँचला स्पीकर घेऊन जाणं म्हणजे फळीवरून कसरत. मात्र परतीच्या बोटी संध्याकाळपर्यंतच, त्यामुळे रात्रीच्या कार्यक्रमाला मुक्काम, नाहीतर वडखळ-पेणवरून रस्त्याने. मानधन सांगताना हा मुक्काम त्यात धरला नाही की तो आपल्या खिशातून जातो.

माथेरान ही एका फेरीची खरी परीक्षा. गाडी दस्तुरी नाक्यावर थांबते. पुढे अमन लॉज स्टेशनहून छोट्या रेल्वेची शटल किंवा हमाल. इथे दहा इंची स्पीकरही नकोत. बॅटरीवर चालणारा एकच छोटा स्पीकर, एक माइक, एक गिटार.

गोव्याला जायचं तर रेल्वेचं आरक्षण आता ६० दिवस आधी उघडतं. म्हणजे २९ डिसेंबरचं तिकीट ३० ऑक्टोबरला सकाळी. तारीख फोनमध्ये लावून ठेवा, त्या दिवसांत फराळाच्या गडबडीत ती हटकून निसटते. कार्यक्रम उत्तर गोव्यात असेल तर थिवीला उतरा, दक्षिणेत असेल तर मडगावला. थर्ड एसीला ४० किलो सामान माणशी चालतं, दोघांचे ८०, म्हणजे आपले साठ आरामात. गिटार सीटखाली नको, वरच्या बर्थवर उशाशी.

विमानात हिशोब बदलतो. देशांतर्गत स्वस्त तिकिटावर बहुतेक ठिकाणी १५ किलो लगेज आणि ७ किलो हातात. स्पीकर विसरा, ते तिथे भाड्याने. मिक्सर, टॅब, माइक हातातल्या बॅगेत. तारा कापायची पक्कड लगेजमध्ये, नाहीतर ती सुरक्षा तपासणीत राहते. पॉवर बँक आणि सुट्या लिथियम बॅटऱ्या याच्या उलट, त्या फक्त हातात. १०० वॉट-अवरपर्यंत चालतात. २०,००० एमएएच गुणिले ३.७ व्होल्ट भागिले हजार, म्हणजे ७४, ही चालली. त्याच्या वर १६० पर्यंत विमान कंपनीची परवानगी लागते. गिटार लगेजमध्ये द्यायची असेल तर हार्ड केसच, तारा एक-दोन स्वर सैल, आणि डोक्याखाली व मानेखाली टॉवेल ठासून. केस आपटली की तुटतं ते डोकं, कारण आत ते अधांतरी असतं. आणि गोव्याचं तिकीट काढताना विमानतळ बघा. मोपा उत्तरेला टोकाशी आहे, दाबोळी मध्यावर.

दिल्ली आणि त्यापुढची कामं डिसेंबरअखेर ते जानेवारीच्या मध्यापर्यंत धुक्याची. पहाटेची विमानं लटकतात आणि मग दिवसभराचं वेळापत्रक घसरत जातं. आदल्या दिवशी दुपारी पोचायचं, आणि ती जास्तीची रात्र यजमानांच्या खर्चात. ते नाही म्हणाले तर काम सोडलेलं परवडतं.

महाबळेश्वर किंवा नाशिकच्या मळ्यातल्या उघड्यावरच्या पार्टीत थंडीने स्टीलच्या तारा आकसतात आणि सूर चढतो. स्टेजवरचे दिवे तापले की उतरतो. पाहुणा बासरीवाला असेल तर त्याचं उलट, थंड हवेत बासरी उतरते. दोघं मध्यावर भेटू म्हणाल तर ट्रॅक ४४० हर्ट्झच्या प्रमाण सुराला पक्का बसलेला आहे, तो हलत नाही. म्हणून दर तीन गाण्यांनी गिटार ट्यूनरवर, आणि बासरीवाल्याने मधल्या वेळात बासरी कोटाच्या आत धरायची.

पैशाचं थोडक्यात. निम्मी रक्कम तारीख पक्की करताना, उरलेली साउंडचेकच्या आधी, एकतीस तारखेला तर नक्कीच आधी. एक जानेवारीला कुणी फोन उचलत नाही. कंपनी असेल तर टीडीएस कापूनच येणार, मानधन सांगताना “कापण्याआधीची रक्कम” असं लिहा. वर्षाची उलाढाल २० लाखांच्या वर गेली की जीएसटीची नोंदणी. गाण्यांच्या परवान्याचं: लग्न आणि लग्नाशी जोडलेल्या समारंभांना कॉपीराइट कायद्याच्या कलम ५२ मध्ये सूट आहे, एकतीसच्या पार्टीला नाही. तो परवाना आयोजकाने काढायचा. करारात तसं लिहून घ्या, म्हणजे तपासणीला कुणी आलं तर स्टेजवरच्या माणसाकडे बोट जात नाही.

एक तारखेला दुपारी उठल्यावर केबलची बॅग रिकामी करा. कॉर्डलेस माइकमधले सेल काढा, नाहीतर ते आतच फुटून गळतात. गिटारच्या तारा पुसून सैल करू नका, काढून टाका. त्यांचं आयुष्य संपलंय. ज्या केबलने सीझनभर त्रास दिला तिला रात्रीच्या घाईत लाल टेप लावलेला असेल, ती वेगळी ठेवा. संक्रांतीनंतरचं पहिलं संगीत पंधरा दिवसांवर आहे.